सुटला म्हणजे निर्दोष नव्हे

धाराशिव जिल्ह्यात कळंब, वाशी, भूमकडच्या वस्त्यांवर आम्ही पीडित कुटुंबाला भेटायला गेलो की गावातले शहाणे एकच वाक्य ऐकवतात, "काही घडलंच असतं तर केस झाली नसती का?" आता आपली काही शिकलेली पोरंही तसंच बोलू लागली आहेत, म्हणून हे लिहितो आहोत.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. सुरेखा आणि प्रियंका या मायलेकींवर लैंगिक अत्याचार झाले, हे आपण रस्त्यावर उतरून सांगत होतो. पहिल्या शवविच्छेदनावर ओरड झाली, तेव्हा पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. 2008 साली आठ जण दोषी ठरले, सहा जणांना फाशी सुनावली गेली. 2010 मध्ये हायकोर्टाने ती 25 वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. पण बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. विनयभंग टिकला नाही, ॲट्रॉसिटीही टिकली नाही. आज कोणी विचारतो, "कोर्टात सिद्ध झालं का?" अरे, ज्याचा खटलाच चालला नाही ते सिद्ध कुठून होणार?

जिथं खटला चालला तिथलंही बघा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीसच. हायकोर्टाने दोषी धरलेल्या त्या दोघांना सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये सोडलं. का, तर तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. देशभर संताप झाला, 1983 मध्ये कायदा बदलला. सुटलेले मात्र सुटलेच.

सुटलेला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं फरार माणूस येतो. आमच्या पाहण्यातला तो कुठंच पळत नाही. पारावर बसतो, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. गाव सोडावं लागतं ते मुलीला.

ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर विचारूच नका. अंगावर मुकादमाची उचल, कारखाना परमुलखात. घरी परतून तक्रार द्यायला गेली की "तिकडच्या ठाण्यात जा" म्हणतात. हे बेकायदा आहे. गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्याला तो शून्य क्रमांकाने नोंदवावाच लागतो. "आधी चौकशी करू" हेही ॲट्रॉसिटीत चालत नाही, 2018 च्या दुरुस्तीने ती अट काढली आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय आम्ही ठाण्यातून उठत नाही.