आमच्या बिस्किटचं जेवण

गेल्या पावसाळ्यात, जुलैमधल्या एका शुक्रवारी रात्री आमचा बोका त्याच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, उठला, परत जाऊन बसला. असं सात-आठ वेळा झालं. धाकटी लेक म्हणाली, "अब्बू, बिस्किटचं पोट साफ होत नाहीये." मलाही तसंच वाटलं. मोबाइलवरून नजर न काढता मी म्हणालो, सकाळपर्यंत होईल बरा. अम्मी मात्र इशाची नमाज आटोपून त्याच्याजवळ जाऊन बसली. तेवढ्यात त्यानं एक आवाज काढला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अम्मी म्हणाली, "याला लघवी होत नाहीये. ट्रे बघ, कोरडा आहे."

ट्रे खरंच कोरडा होता.

डॉक्टरांनी रात्री दवाखाना उघडला, हे त्यांचे उपकार. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव तिथे अडकले की वाट बंद होते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. त्यांनी भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. नळी गेली नाही तर परळच्या बाई साकरबाई रुग्णालयात न्यावं लागेल, असंही सांगून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही. हात धुताना त्यांनी विचारलं, "याला खायला काय देता?"

मी अम्मीकडे बघितलं नाही. त्यामागे एक गोष्ट आहे.

बिस्किट आमच्याकडे आला तो जुन्या घराच्या पडवीत. पनवेलच्या मोहल्ल्यातलं ते कौलारू घर. तिथं मांजरांना कुणी 'पाळत' नसे. माळ्यावर उंदीर, भिंतीवर पाली, मागच्या दारी मासळीची डोकी. ती आपली आपली जगत. मग घर बिल्डरकडे गेलं आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. बिस्किटला सोबत आणलं, त्याचं ऑपरेशन करून घेतलं, पडू नये म्हणून खिडक्यांना जाळ्या लावल्या. अम्मी त्याच्यासाठी उरण नाक्यावरून मांदेली आणायची, आळणी उकडायची आणि भातात कालवून द्यायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी महाग होते. मग अम्मी सुकट भिजवून भातात घालायची. समोरच्या काकूंचं घर शाकाहारी, तिथं त्याला दूध-पोळी मिळायची. (पोळी ठेवून दूध तेवढं प्यायचा, आणि नंतर आमच्या घरी येऊन पातळ शी करायचा.)

मी चार लेख वाचले आणि शहाणा झालो. एका रविवारी, सासरची मंडळी जेवायला असताना, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अम्मी, हे असलं घालून तू मारशील त्याला." अम्मी काही बोलली नाही. मांदेलीचं छोटं पातेलं तिनं घासून वरच्या फळीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मी कोरड्या दाण्यांची मोठी पिशवी आणली. बिस्किट खूश, लेक खूश. वाटी कधी रिकामी राहत नव्हती. चार महिन्यांत तो उशीसारखा झाला आणि पाहुणे कौतुक करू लागले.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मांजराचे पूर्वज वाळवंटातले. त्याला तहान कमी लागते, कारण पाणी शिकारीतूनच मिळायचं. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. हा फरक मांजर वाटीतलं पाणी पिऊन पुरता भरून काढत नाही. लघवी घट्ट होते. त्यात वजन वाढलेलं, हालचाल बंद, घर बदललेलं. सगळा दोष दाण्यांवर टाकायला मात्र ते तयार नव्हते. पुष्कळ मांजरं आयुष्यभर दाणे खातात. मग हसून म्हणाले, "अम्मींच्या भातात निदान पाणी तरी होतं."

रिक्षात मी अम्मीची माफी मागितली. ती म्हणाली, "मला काय, त्याची माग." तो टोपलीत अर्धवट भुलीत पडला होता.

पण अम्मीचं जेवणही पुरं नव्हतं, हे मला आता नीट कळलंय. मांजर पक्कं मांसाहारी. भाताचं त्याला काही अडत नाही. गोड चव तर त्याला कळतच नाही, जिभेवर त्याची सोयच नाही. आणि आमच्या बोक्याचं नाव बिस्किट! त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, जे त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांसातून, मासळीतून मिळतं. १९८७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की बाजारातलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांचंही हृदय टॉरिन कमी पडल्यानं दुबळं होत होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारत होतं. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणजे मासळी उकडून पाणी ओतून दिलं तर तेही मोरीत जातं. अम्मी भात मोकळा राहावा म्हणून तेच करायची. सुकटीत मीठ. काही जातींची मासळी कच्ची दिली तर तिच्यातला एक घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. आणि सालनातला तुकडा धुऊन देणं तर साफ बंद, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. बकरी ईदची कलेजी एखादा तुकडा ठीक, रोज दिली तर 'अ' जीवनसत्त्व अंगात साठून हाडं बिघडतात.

त्या रात्री घरी आल्यावर अम्मीनं ती हदीस काढली, मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. आपण लहानपणापासून ऐकलेली. मी म्हणालो, आपण कुठं उपाशी ठेवलं? अम्मी म्हणाली, त्यात दोन गोष्टी आहेत. तिनं खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला सोडलंही नाही. ही दुसरी गोष्ट मी आयुष्यात कधी नीट ऐकली नव्हती. जुन्या घरात आमचं चुकलं तरी मांजर माळ्यावर जाऊन आपलं बघायचं. इथं जाळ्या मी लावल्या. आता त्याच्या तोंडात जे जातं ते सगळं माझ्या हातून जातं, आणि चुकलं तर त्याला दुसरा दरवाजा नाही.

आता पिशवीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो. 'संपूर्ण आहार' लिहिलंय का, की नुसता खाऊ आहे? सामग्रीत पहिलं नाव मांसाचं की मक्याचं? अम्मीचा वेगळाच प्रश्न होता: यात डुकराचं तर नाही ना? मौलानांना विचारलं. ते म्हणाले, मांजराला हलाल-हरामचा हिशेब नाही, पण विकत घेणाऱ्याला आहे. मग चिकन किंवा मासळी स्पष्ट लिहिलेलंच आणतो.

सकाळी ओलं तयार खाणं, रात्री थोडे मोजून दाणे, कोमट पाण्यात भिजवलेले. हा बदल दोन आठवड्यांत हळूहळू केला. 'भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत चालत नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते. मांदेलीचं पातेलं फळीवरून खाली आलंय. आठवड्यातून दोनदा त्यात मासळी किंवा चिकन शिजतं, पाण्यासकट, भाताशिवाय. काकूंनी दूध बंद केलं. त्या आता त्याला सुतळीच्या दोरीमागे पळवतात.

पाण्याचा प्रश्न राहिला होता. त्याच्या तीन वाट्यांना तो तोंड लावत नसे. पितो कुठलं, तर अम्मीच्या वजूच्या भांड्यातलं. अबू कतादांनी वजूच्या पाण्यावर आलेल्या मांजरीसाठी भांडं कलतं केलं होतं, ते अम्मीला ठाऊक आहे. आम्ही कोकणी शाफई, मांजराचं उष्टं पाणी आमच्याकडे पाक. फजरला ती आधी थोडं पाणी परातीत ओतते आणि थांबते. अंथरुणातून मला चाटण्याचा आवाज येतो. मग मी उठून ट्रे बघतो. आज मातीत दोन मोठी ढेकळं होती.