रिकामी वाघीण

वाघीण म्हटली की आमच्या पांढरकवड्यात माणसं आधी दाराला कडी लावतात आणि मग पुढचं बोलतात. टिपेश्वरचं जंगल एवढं जवळ! २०१८ साली त्या अवनी वाघिणीवरून केवढा गदारोळ झाला, तो तुम्हीही वाचला असेलच. म्हणून आधीच सांगते, मी ज्या वाघिणींबद्दल लिहिते आहे त्या आमच्या माडीवर राहतात, टिचभर लांब आहेत आणि त्यांना चाकं आहेत. मालगाडीच्या डब्याला, म्हणजे वॅगनला, वाघीण म्हणतात हे मला लग्न होऊन या घरी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. भूगोल घेऊन बी. ए. झालेली मी, पण हा शब्द शिकवला मामंजींनी.

माडीवर रेल्वे आली कशी, ते ऐका. गेल्या वर्षी मे महिन्यात एका मुंजीसाठी आम्ही पुण्याला गेलो होतो. तिथं कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. एका दालनात अख्खं गाव वसवलेलं! रस्ते, पूल, सर्कस, सिग्नल, आणि त्यातून धावणाऱ्या नाना तऱ्हेच्या गाड्या. दिवे मंद होऊन त्या गावात रात्र झाली तेव्हा आमचा बंड्या आणि चिंगी श्वास रोखून बघत होते. मामंजी मात्र खुर्चीत गप्प. बाहेर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मालधक्का कुठं होता?"

मामंजी मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर मालबाबू होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. सकाळी पेपर, दुपारी सुपारी, संध्याकाळी ओट्यावरून रस्त्याकडे बघत बसणं. मी सकाळी तीन तास शाळेत शिकवते. धावतपळत घरी यावं, तर ते सोफ्यावर तसेच बसलेले. चहा विचारला तर "हं", जेवायला वाढलं तर "हं". खरं सांगते मैत्रिणींनो, माझी चिडचिड व्हायची. एकदा मी अमरावतीच्या जाऊबाईंना फोनवर म्हणून गेले, "दिवाळीनंतर काही महिने तुम्ही न्या हो त्यांना. दिवसभर नुसते रिकामे बसलेले असतात, माझा जीव गुदमरतो." जाऊबाई बऱ्या म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

पुण्याहून आल्यावर बंड्यानं रेल्वेचा ध्यास घेतला. ह्यांच्या एका मित्राकडे त्यांच्या मुलाचा जुना सेट पडून होता, तो त्यांनी उदारपणे दिला. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची गाडी. म्हणजे सहा फुटी माणूस तिच्या शेजारी उभा केला तर जेमतेम दोन सेंटिमीटरचा! माडीवर मी जिथं पापड वाळवते, त्या खोलीत आठ बाय चारचा प्लायवूड आला, त्यावर रूळ आले. आठ दिवस गाडी गोल गोल धावली. नवव्या दिवशी बंड्या कंटाळला. मी मनात म्हटलं, चला, पापडांची जागा मोकळी झाली.

त्या दिवशी मामंजी कशाला तरी माडीवर आले होते. गाडीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काय घेऊन चालली रे तुही गाडी?"

"काही नाही आजोबा."

"मंग काहून चालली?"

बंड्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. मामंजी खाली गेले, जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन आले, आणि आमच्या घरात खरीखुरी मालवाहतूक सुरू झाली.

तिची पद्धत सांगते, म्हणजे तुमच्याकडेही करून बघता येईल. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड. त्यावर तिचा नंबर आणि जात: बंद, उघडी की टाकीची. कार्डाला खाली खिसा, खिशात एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, असे चार मुक्काम लिहायचे. उदाहरणार्थ, यवतमाळ ते मूर्तिजापूर, कापसाच्या गाठी. मूर्तिजापूर ते यवतमाळ, रिकामी. यवतमाळ ते कारंजा, सरकी. कारंजा ते यवतमाळ, ढेप. मुक्काम गाठला की पुढच्या खेळाच्या वेळी चिठ्ठी फिरवायची, की वाघिणीला नवं काम. प्रत्येक स्टेशनापाशी कार्डं ठेवायला एक खोका. विजेची गाडी नसली तरी चालेल. काड्यापेट्यांची गाडी दोऱ्यानं ओढा, कार्डं तीच!

ह्यांनी नंतर शोधून काढलं, की डग स्मिथ नावाच्या अमेरिकन छांदिष्टानं १९६१ साली अशीच कार्ड आणि चिठ्ठीची पद्धत छोट्या रेल्वेवाल्यांच्या मासिकात मांडली होती, आणि तिकडे अजूनही पुष्कळजण तीच वापरतात. मामंजींना सांगितलं तर म्हणाले, "त्यानं मालधक्का पाहिला असन."

आमची गाडी कोणती, हे ठरवायला वेळ लागला नाही. पांढरकवड्याला गावात रेल्वे नाही. तालुक्यात पिंपळखुटीला स्टेशन आहे तेवढंच. म्हणून मामंजींनी शकुंतला घेतली. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. इंग्रज कंपनीनं ती घातली वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. तो मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईला जायचा आणि बोटीनं मँचेस्टरला. गंमत म्हणजे तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच घडलेलं, १९२१ सालचं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. आता ती गाडीच बंद आहे. पण आमच्या माडीवर यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर अशी स्टेशनं पुन्हा लागली.

बंड्या ड्रायव्हर, चिंगी सांधे बदलणारी, रविवारी हे गार्ड, आणि मालबाबू अर्थातच मामंजी. "सूनबाई, तुम्ही भूगोल शिकवता ना? मूर्तिजापूरचं यार्ड तुमच्याकडे," असं म्हणून त्यांनी मलाही ओढलं. थर्मोकोलचे तुकडे बँडेजच्या कापडात गुंडाळून मी गाठी केल्या. खरी गाठ १७० किलोची, आमची तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी! चहाचा चोथा वाळवून कोळसा केला. शकुंतलेचे रूळ अडीच फुटी आणि मोठ्या गाडीचे साडेपाच फुटी, म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावी लागे. आमचे रूळ सगळे सारखेच, पण मामंजींचा नियम तो नियम. मी भुवया कोरायच्या चिमट्यानं गाठी उचलत बसायची. वर्गात कितीदा शिकवलं असेल, 'विदर्भात कापूस पिकतो'. क्विंटलभर कापसातून जेमतेम ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि त्या प्रत्येकाला वेगळ्या गावाला जायचं असतं, हे मात्र माझ्या डोक्यात तिथं शिरलं.

स्वयंपाकघरातलं घड्याळ माडीवर गेलं. दहा मिनिटांचा एक तास धरायचा. गाडी हळू चालवायची; शकुंतला किती हळू चालायची हे विदर्भातल्या बायकांना सांगायला नको! जी वाघीण आधी सोडायची ती इंजिनाजवळ लावायची. आपण प्रवासाची पिशवी भरताना वाटेत लागणारी दशमी वर ठेवतो ना, तसंच. एखादी वाघीण उतरवायची राहून गेली की त्या स्टेशनाला डॅमरेज, म्हणजे दंड, एक शेंगदाण्याचा लाडू. तो बहुधा मीच भरायची.

एकदा दारव्ह्याला घोटाळा झाला. तिथल्या सायडिंगचं तोंड उलट्या बाजूला. यवतमाळहून येणाऱ्या इंजिनाला मागची वाघीण आत ढकलताच येईना. बंड्या रडकुंडीला आला आणि ती हातानं उचलून ठेवायला निघाला. "हात नाही लावाचा," मामंजी म्हणाले. "जाताना नाही होत ते येताना होते. तिला पुढं जाऊ दे, परतीच्या गाडीला लाव." तशी ती वाघीण थेट मूर्तिजापूरला गेली, आणि परत येताना एका धक्क्यात सायडिंगमध्ये शिरली. चिंगीनं टाळ्या वाजवल्या. मामंजी हसले. सासूबाई गेल्यानंतर ते हसलेले मी प्रथमच पाहिले.

दिवाळी जवळ आली. घर आवरायचं, फराळाचं बघायचं, शाळेचे पेपर तपासायचे. एका संध्याकाळी मी घाईत होते. माझ्या यार्डात चार रिकाम्या वाघिणी अडून राहिल्या होत्या. मी त्या अगदी कडेच्या रुळावर सारून दिल्या.

"सूनबाई, त्या तिकडे काहून टाकल्या?"

"रिकाम्याच आहेत मामंजी. राहू द्या तिथं. मध्येमध्ये येतात."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. म्हणाले, "कापसाच्या हंगामात व्यापारी माझ्या टेबलापाशी उभे राहत. कशासाठी? भरलेली वाघीण कोणी मागत नव्हतं. 'बाबू, एक रिकामी द्या, माल धक्क्यावर भिजून राहिला.' रिकामीसाठी नंबर लागत. रिकामी म्हणजे बिनकामाची नाही होत, बाई. पुढच्या स्टेशनात कोणीतरी तिची वाट पाहून राहिलं असते."

माझे कान तापले. मी फोनवर जाऊबाईंशी बोलले तेव्हा ते पलीकडच्याच खोलीत होते का? त्यांना ऐकायला थोडं कमी येतं. त्यांनी वाघिणींबद्दलच बोलायचं म्हणून ते बोलले, की आणखी काही? मी विचारलं नाही, त्यांनीही पुढं काही म्हटलं नाही. चारही वाघिणी मी यवतमाळच्या गाडीला जोडल्या.

मामंजींचं अमरावतीला जायचं मात्र ठरल्याप्रमाणेच झालं. तिकडचीही नातवंडं वाट बघत होती, आणि ते मोडण्याचा अधिकार मला नव्हता. मी एवढंच केलं, की जाऊबाईंना पुन्हा फोन लावला आणि मागच्या वेळचे शब्द परत घेतले. त्यांच्यापाशी ते बोलायला मला फार जड गेलं. मग मामंजींची बॅग भरता भरता म्हटलं, "संक्रांतीच्या आत परत या. उशीर झाला तर डॅमरेज लागेल." ते "हं" म्हणाले. पण हा "हं" निराळा होता.

ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी चिंगीला यवतमाळच्या खोक्यात एक नवं कार्ड सापडलं. नंबर ७९, म्हणजे त्यांचं वय. चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात, 'पांढरकवडा ते अमरावती. माल: अडकित्ता, चष्मा, दोन धोतरं.' खाली, 'अमरावती ते पांढरकवडा.' त्यापुढं मालाची जागा कोरी ठेवलेली.

मुलांनी ती भरली नाही, मीही नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मामंजी एस. टी.तून उतरले. पिशवीत अमरावतीला बसून लिहिलेल्या चौदा नव्या चिठ्ठ्या होत्या. बंड्यानं दारातच घड्याळ बघितलं आणि ओरडला, "आई, गाडी चाळीस मिनिटं लेट! लाडू कोण देणार?"

मी तिळाचे दिले.