ओला की सुका

गाडी कितीही महागडी असो, जमिनीला ती टेकते चार तळहातांएवढ्या जागेत. इंजिनाची ताकद, ब्रेकचा दाब, चालवणाऱ्याची हिंमत, सगळं शेवटी त्या एवढ्याशा जागेतून जातं. तिथे रबर डांबराला दोन तऱ्हांनी धरतं. दाबाखाली ते खडीच्या बारीक कणांमधल्या फटींत शिरतं, आणि शिवाय खडीच्या अंगाला अक्षरशः चिकटतं. रस्त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आला की चिकटणं जवळजवळ संपतं आणि उरलेल्या एकाच धरण्यावर सगळा कारभार चालवावा लागतो. शर्यतीच्या ट्रॅकवर माणसं पावसाबद्दल इतक्या गंभीरपणे बोलतात ते त्यामुळे.

इंग्लंडात चेशर परगण्यात ओल्टन पार्क नावाचा ट्रॅक आहे. एका जुन्या हवेलीच्या आवारात १९५३ साली सुरू झालेला. हवेली त्याआधीच, १९२६ मध्ये, जळून गेली; तळं, झाडी आणि चढउतार मात्र राहिले, आणि रस्ता त्यांच्यातूनच वळणं घेत गेला. पूर्ण फेरी सुमारे ४.३ किलोमीटरची. कॅस्केड्सचं वळण तळ्याकडे उतरत जातं, तर ड्रुइड्सचं वळण झाडांच्या सावलीत. बाकीचा ट्रॅक वाळून पांढरट झाला तरी ड्रुइड्सखाली ओल धरून असते. पश्चिमेला वेल्सचे डोंगर, त्यांच्यापलीकडे आयरिश समुद्र. ढग बहुतेक तिकडूनच येतात, आणि आपण आलो कशाला हे विसरल्यासारखे रेंगाळतात.

इथे हौशी लोकांच्या शर्यती होतात. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी वायरमन, कुणी शिक्षक. गाडी ट्रेलरवर घालून आणायची, रात्री व्हॅनमध्येच झोपायचं, सकाळी तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. माझा एक मित्र छोट्या हॅचबॅक गाड्यांच्या वर्गात उतरतो. जॅक लावणं, नट कसणं आणि हवा मोजणं ही माझी कामं. आणि टायरच्या निवडीत मत देणं हे न मागता घेतलेलं काम.

त्याच्या वर्गात पूर्ण गुळगुळीत रेसिंग टायर चालत नाहीत. ठरलेल्या यादीतले, नक्षीचे, रस्त्यावर चालणारे टायरच लावायचे. तरी त्याच्याकडे दोन जोड असतात. एक पूर्ण नक्षीचा, पावसासाठी. दुसरा त्याच कंपनीचा, पण घासून घेतलेला. नव्या टायरची सात-आठ मिलिमीटरची नक्षी यंत्रावर तासून तीन-चारवर आणायची. उंच नक्षीचे ठोकळे कोरड्या वळणात लवतात, तापतात, त्यांचे तुकडे उडतात. बुटके ठोकळे ताठ उभे राहतात. हे कळत असूनही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आमच्या घरी स्कूटरचा टायर गुळगुळीत होईपर्यंत, आणि झाल्यावरही थोडे दिवस, वापरायची रीत. इथे कोरा टायर विकत आणून वर पैसे मोजून झिजवून घ्यायचा!

मित्र मूळचा माण तालुक्यातला, मी चिपळूणचा. इंग्लंडातल्या आभाळाखाली आम्ही दोघं शेजारी उभे राहतो आणि दोन वेगवेगळी आभाळं पाहतो. पश्चिमेकडून काळं आलं की मी पूर्ण नक्षीचे टायर व्हॅनमधून उतरवायला लागतो. तो हलत नाही.

"अरे, अंधारून आलंय बघ."

"अंधारून रोजच येतंय. पडतोय कुठं?"

वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरताना पाहिलेल्या माणसाला प्रत्येक ढग भरलेला वाटतो. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभा राहिलेला माणूस ढगाला उधारी देत नाही. फोनवरचं रडार आम्ही दोघंही बघतो, पण त्यातही मला येणारा निळा पट्टा दिसतो आणि त्याला त्या पट्ट्यातली भोकं. अंदाज हवामानाचा म्हणून सांगतो. त्यात निम्मं आपलं लहानपण असतं.

तिथले मुरलेले लोक आभाळाकडे कमीच बघतात. आधीच्या शर्यतीतल्या गाड्यांच्या मागे तुषार किती उंच उडतोय, ते बघतात. फेरीची वेळ दर फेरीगणिक वाढतेय की घटतेय, ते लिहून ठेवतात. कुणी ड्रुइड्सपर्यंत चालत जाऊन येतं. वारा वाहतोय का, डांबर अजून कोमट आहे का, यावर ओला रस्ता किती लवकर वाळेल ते ठरतं. हे सगळं झाल्यावरही उत्तर मिळत नाही. फक्त चुकण्याची जागा थोडी अरुंद होते.

मग टायरमधल्या हवेचा प्रश्न येतो. १९६०च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या चाकांवर प्रयोग करून दाखवलं, की साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्यांच्या सूत्रात ३० पौंड हवा घातली तर उत्तर येतं ताशी सुमारे ९० किलोमीटर. नक्षी जितकी खोल, तितकं पाणी वाट काढून निघतं आणि हा वेग पुढे ढकलला जातो. दाबाचं हे गणित धरून, पाणी साचलं असेल तर मित्र दोन पौंड हवा वाढवतो. नुसती ओल असेल तर पुन्हा विचारात पडतो, कारण धावता धावता टायर तापला की आतला दाब आपोआप चढतो, आणि ओल्या रस्त्यावर तो फारसा तापतच नाही.

हौशी शर्यत पंधरा-वीस मिनिटांची. मध्ये टायर बदलायला थांबलं तर शर्यत तिथेच संपली. गाड्या ट्रॅकवर सोडण्याआधी एका आवारात रांगेने उभ्या करतात. तिथे गाडी गेली की टायरचा विषय मिटला. व्यावसायिक शर्यतींत मन बदलायची सोय असते. तिचंही ओझं होऊ शकतं. ११ एप्रिल १९९३ला डॉनिंग्टनच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची युरोपियन ग्रां प्री झाली. पाऊस येत होता, थांबत होता, परत येत होता. अॅलन प्रोस्टसारखा मोजूनमापून चालवणारा माणूस त्या दिवशी सात वेळा थांबला. आयर्टन सेना जिंकला, आणि प्रोस्ट एक फेरी मागे पडून तिसरा आला. दर थांब्याला त्याच्या संघाने समोरच्या आभाळाला योग्य तेच उत्तर दिलं असेल. पण उत्तर चाकांवर चढेपर्यंत आभाळाने प्रश्न बदललेला असायचा.

आमच्या नशिबी एकच उत्तर. त्यामुळे खरी गंमत निवडीनंतर सुरू होते. घासलेल्या टायरवर गाडी रांगेत गेली आणि तिसऱ्या फेरीत सर आली, असं मी बघितलंय. त्या टायरची अडचण दुहेरी. पाणी काढायला त्याच्यात खोली नाही. आणि पकड नाही म्हणून जोर लावता येत नाही, जोर नाही म्हणून तो तापत नाही, तापत नाही म्हणून पकड आणखी कमी. मित्राने वाट बदलली. कोरड्यात जी रेषा सगळ्यांत जलद, तिच्यावर वर्षानुवर्षं रबर घोटून डांबर तुकतुकीत झालेलं असतं. पाण्यात तीच सगळ्यांत निसरडी. तो वळणाच्या बाहेरच्या कडेला, जिथे एरवी कुणी फिरकत नाही तिथल्या खरखरीत डांबरावर गेला. ब्रेक लवकर, पण हलका. स्टिअरिंग असं, जणू कुणाची झोपमोड होईल. दुसऱ्या एका दिवशी पूर्ण नक्षीचे टायर लावले आणि ऊन पडलं. तेव्हा त्याने सरळ रस्त्यावर मुद्दाम ओले पट्टे शोधून त्यांवरून गाडी नेली, म्हणजे टायर निवावेत आणि ठोकळे शेवटपर्यंत टिकावेत. दोन्ही वेळा योग्य टायरवाल्या काही गाड्या वाळूत रुतून बसल्या होत्या. टायर बरोबर आहे या भरवशावर त्यांनी टायरकडून जास्तच मागितलं होतं.

तेव्हापासून निवडीबद्दलचं माझं मत बदललं. आपण निवडीच्या क्षणाला फार मान देतो. नोकरी, गाव, देश, माणूस. निवडताना रात्री जागवतो आणि निवडून झालं की हात झटकतो. पुढे काही बिनसलं तर त्या क्षणाकडे बोट दाखवायला मोकळे. पण निवड करताना आपल्या हाती असतं ते फक्त अजून न आलेल्या हवामानाबद्दलचं एक मत, आणि तेही आपापल्या गावाकडून आलेलं. त्यानंतरची पंधरा मिनिटं मात्र पूर्ण आपली असतात. जे चाकाला आहे ते काय देऊ शकतं आणि काय नाही, हे ओळखून त्याच्याशी नांदायचं, हे शिकता येतं. ढग ओळखायला मी अजून शिकलेलो नाही, मित्रही नाही.

शर्यतीनंतर निकालाचा कागद भिंतीवर लागतो. गाडीचा क्रमांक, नाव, फेऱ्या, एकूण वेळ, सगळ्यांत जलद फेरी असे त्यावर रकाने असतात. टायरला रकाना नसतो. कुणी काय लावलं होतं याची चर्चा चहाच्या कपाबरोबर संपते, आणि दुपारच्या शर्यतीसाठी आम्ही पुन्हा ट्रॅकच्या कडेला उभे राहून भांडायला लागतो. मी म्हणतो येणार. तो म्हणतो, पडतोय कुठं.