निलगिरीचे दोन थेंब

महसूल खात्याच्या दप्तरात कागदावरील प्रत्येक अक्षराची खातरजमा करून मगच शेरा मारण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्या मी माझ्याच घरातील एका इवल्याशा कुपीवरील बारीक मजकूर कधी वाचला नव्हता, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत सामील झाली, तरी मार्गशीर्षात वाघेश्वराच्या तळ्यावरून येणारा गारवा खेड्याचाच राहिला आहे. त्या गारव्यात आणि बांधकामांच्या धुळीत माझ्या चार महिन्यांच्या नातवाचे नाक चोंदले. माझी आई अशा वेळी तव्यावर ओवा गरम करून त्याच्या पुरचुंडीने शेकत असे. आपणही त्याच वाटेने चाललो आहोत, अशा समजुतीने मी निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब रुमालावर टाकून तो बाळाच्या उशाशी ठेवला.

काही क्षणांतच त्याचे रडणे मध्येच तुटले, तोंड उघडे राहिले, श्वास अडला आणि ओठांभोवती निळसर छटा उमटली. सूनबाईने त्याला उचलून गच्चीत नेले. तिथे तो पुन्हा रडला, आणि ते रडणे ऐकून माझ्या पायांतले त्राण गेले. नगर रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीतून इस्पितळ गाठेपर्यंत माझी नजर त्याच्या छातीवरून हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाचे कपडे हुंगले. “आजोबा, निलगिरी लावलीत का?” त्यांच्या स्वरात दोषारोप नव्हता. तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते, आणि निलगिरी, कापूर किंवा पुदिन्याच्या सत्त्वाची तीव्र वाफ त्या कोवळ्या मार्गाला लागली, तर स्वरयंत्र आपोआप मिटून श्वास थांबू शकतो, असे त्यांनी समजावले. मोठ्या माणसाला जो मोकळेपणा वाटतो, तो बव्हंशी त्या गंधाच्या थंडाव्याचा भास असतो, नाक उघडत नाही. म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याचे निर्जंतुक थेंब दिले आणि बाळाला रात्रभर देखरेखीखाली ठेवले.

त्या रात्री माझ्या ध्यानात आले की मी आईच्या वाटेने चाललोच नव्हतो; तिच्या पुरचुंडीत अख्खा ओवा होता, माझ्या कुपीत अर्क. निलगिरीच्या पानात तेल असते ते जेमतेम शेकडा एक-दोन भाग. ढीगभर पाला ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत घालावा तेव्हा कुपीभर अर्क हाती येतो, आणि आपण मात्र दोहोंना एकच नाव देऊन एकच विश्वास टाकतो. (पुरचुंडीही निर्धोक नव्हे; तिने तान्ह्या कातडीला चटका बसतो.) हेच तेल चमचाभर पोटात गेले तर लहान मुलाला ग्लानी आणि झटके येऊ शकतात, देवघरातील कापराने तर एक ग्रॅमएवढ्या मात्रेतही बालकांच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, हा हुकूम आपल्याला कोणी दिला?

घरी येताच कुपी आणि कापराची डबी कुलपात गेली. दुसऱ्या सकाळी मालिशवाल्या मावशी आल्या, तेव्हा दाराशीच मी त्यांना सारी हकीकत सांगितली. सांधे दुखतात म्हणून त्या स्वतः हातांना निलगिरीच चोळून आल्या होत्या. त्यांनी तळवे नाकाशी नेले, काही न बोलता मोरीत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, आणि मग साध्या खोबरेल तेलाची वाटी पुढे ओढली.