रोप जमलं, धंदा जमायला वर्ष लागलं

रोपवाटिका टाकू का, असं कुणी विचारलं की मी आधी माझं पहिलं वर्ष सांगतो.

पाच गुंठ्याचं शेडनेट, कोकोपीट, ९८ कप्प्यांचे ट्रे. रोपं झकास यायची. तेवढ्यावर फुगलो आणि नुसत्या फोनवरच्या शब्दावर टोमॅटोचे ४०० ट्रे भरले, म्हणजे ३९ हजारांवर रोपं. संकरित बी, तेही उधारीवर. पाऊस लांबला. "दादा, आठ दिवस थांबा की," लोक म्हणाले. लोक थांबतील, रोप कशाला थांबतंय? टोमॅटो २५ दिवसांत लावणीला येतो. पस्तिसाव्या दिवशी देठ लांबडे, बुडाशी मुळ्यांचं वेटोळं. निम्मी रोपं उकिरड्यावर गेली. बायको काहीच बोलली नाही, नुसते रिकामे ट्रे धुऊन रचत राहिली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी निम्मा इसार हातात आल्याशिवाय बी टाकलं नाही. चुलतभाऊ त्यावरून तुटला, अजून सरळ बोलत नाही. एकदम भरण्यापेक्षा आठवड्याला थोडे थोडे ट्रे, प्रत्येकावर बी टाकल्याची तारीख. आणि लावणीनंतर दहाव्या दिवशी फोन: मर किती झाली? निम्मी नवी गिऱ्हाईकं या फोनानंच आली, जाहिरातीनं नाही.

जूनच्या लावणीसाठी अजून तीनच इसार आलेत. हात शिवशिवतोय, पण बी पाकिटातच आहे.