दुसरे प्रकरण

दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. चकलीच्या भाजणीचे धान्य धुऊन मी बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या जुन्या धोतरावर, पंख्याखाली वाळत घातले होते. त्याच्याच कडेला सूनबाई आपले कागद पसरून बसली होती. ते उडू नयेत म्हणून तिने एका गठ्ठ्यावर माझा बत्ता ठेवला होता, दुसऱ्यावर पितळी वाटी आणि तिसऱ्यावर नातवाची कंपासपेटी. घरात एकाच वेळी दोन भाजण्या चालल्या आहेत, असे हे म्हणाले, आणि दोघींनीही ऐकले न ऐकलेसे केले.

माझी सून एका महाविद्यालयात शिकवते आणि शाळकरी मुलींच्या रक्तक्षयाविषयी प्रबंध लिहिते आहे. पहिले प्रकरण हातावेगळे झाले होते. दुसरे अडले होते. ज्यांच्या घरात कोणी प्रबंध लिहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रबंधाचे दुसरे प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. आपल्या आधी या विषयात कोणी काय काम केले, ते वाचून, पारखून मांडायचे आणि त्यात आपली जागा कुठे आहे ते दाखवायचे. ऐकायला सोपे आहे. भाजणीही ऐकायला सोपीच असते.

"आई, तुमचा प्रबंध पाहायला मिळेल का?" तिने विचारले. मी भाजणी तशीच टाकून उठले. १९८८ साली पुरा केलेला माझा प्रबंध पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली होता. तांबडे रेक्झिन, वर सोनेरी अक्षरे. आहारशास्त्रातला तो प्रबंध मी दोन मुले आणि नोकरी सांभाळून लिहिला होता. इतक्या वर्षांत तो मागायला घरातले कोणी आले नव्हते. मी तो पदराने पुसून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

सुनेने असे विचारले की सासूने सावध व्हावे. पण मी आनंदात होते.

"विचार की."

"तुम्ही दुसऱ्या प्रकरणात पालकाची गोष्ट दिली आहे. तिच्याखाली संदर्भ आहे ब्रिटिश मेडिकल जर्नलचा, १९८१ सालचा. हा लेख तुम्ही पाहिला होता?"

पालकाची ती गोष्ट आमच्या विषयात फार प्रसिद्ध आहे. पालकात लोह भरपूर असते असा जगभर समज का पसरला? तर म्हणे जुन्या संशोधकांकडून आकडा लिहिताना दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडले आणि लोह दहापट दिसू लागले. पुढे १९३० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ती चूक उघड केली. पण तोवर पालक खाऊन बेटकुळ्या फुगवणारा तो पॉपाय खलाशी घरोघरी पोहोचला होता. मी ही गोष्ट प्रबंधात लिहिली होती, इतकेच नव्हे, तर नोकरीतल्या तीस-बत्तीस वर्षांत दर जूनमध्ये पहिल्या तासाला ती मुलींना सांगत आले होते. "दशांश चिन्ह सांभाळा गं," असे शेवटी म्हटले की मुली हसायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या.

"पाहिला नव्हता," मी म्हणाले. "दुसऱ्या एका लेखात त्याचा उल्लेख होता. तिथून घेतला."

ती काही बोलली नाही. संगणकावर तिने तो लेख काढून माझ्यापुढे ठेवला. टी. जे. हॅम्ब्लिन नावाच्या इंग्रज डॉक्टरांचा. खोटेपणाविषयीचा खुसखुशीत लेख, नाताळच्या आठवड्यातल्या अंकात आलेला. आपल्याकडे दिवाळी अंकात यावा तसा. पालकाची गोष्ट त्यात दोन-तीन वाक्यांत होती आणि तिच्या पुष्ट्यर्थ एकही संदर्भ नव्हता. ते जर्मन शास्त्रज्ञ कोण, त्यांनी हे कुठे छापले, काही नाही.

मग तिने पुढची हकीकत सांगितली. माइक सटन नावाच्या एका ब्रिटिश अभ्यासकाने या गोष्टीचा माग काढला आणि २०१० साली आपला शोध छापला. चुकलेले चिन्ह, ती जर्मन दुरुस्ती, कशाचाच पुरावा त्याला मिळाला नाही. पॉपायचे म्हणावे, तर १९३२ सालच्या एका चित्रमालिकेत तो पालक खाण्याचे कारण सांगतो ते 'अ' जीवनसत्त्वाचे, लोहाचे नव्हे. २०१४ साली ओले ब्यॉर्न रेकडाल या नॉर्वेच्या अभ्यासकाने तर विद्वानांच्या जगातल्या दंतकथा कशा जन्मतात ते दाखवण्यासाठी हेच उदाहरण घेतले. निष्काळजीपणापासून सावध करणारी गोष्ट आम्ही सर्वांनी निष्काळजीपणाने एकमेकांच्या हाती दिली होती.

"पण पालकात लोह फारसं नसतं हे तर खरंच आहे ना?" मी शेवटचा धागा धरला.

"ते खरं आहे. ताज्या पालकात शंभर ग्रॅमला तीनेक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. वाळवलेल्या पालकाचा आकडा घेतला तर साधारण दहापट दिसेलच, पाणी गेलेलं असतं म्हणून. पण निष्कर्ष खरा आहे म्हणून त्याचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही, आई."

हे वाक्य मीच कधीतरी वर्गात म्हटले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हते. मनाशी मी सगळ्या सबबी उभ्या केल्या. आमच्या गावच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नव्हते. ते पाहायला मुंबईची खेप करावी लागली असती. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता, रजा शिल्लक नव्हती, टंकलेखक तगादा लावून बसला होता. सगळे खरे होते. पण पहाटे पहाटे लक्षात आले, की यांतली एकही सबब माझ्या गुन्ह्याची नाही. लेख न मिळणे हा गुन्हा नव्हता. 'अमुक यांच्या लेखात उद्धृत केल्याप्रमाणे' एवढे चार शब्द लिहिले असते तरी माझे पान स्वच्छ राहिले असते. ते मी लिहिले नाहीत, कारण परदेशी नियतकालिकाचे नाव थेट आपल्या नावाखाली शोभून दिसत होते. उसने दागिने घालून लग्नात मिरवावे, तसे.

उठून दिवा लावला आणि माझे दुसरे प्रकरण पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने वाचले. एकोणचाळीस पाने. अमुक यांनी १९६९ मध्ये असे म्हटले आहे. तमुक यांनी १९७४ मध्ये तसे म्हटले आहे. लग्नातल्या आहेराच्या यादीसारखे वाटले ते मला: कोणी काय दिले त्याची नोंद बिनचूक, पण दिलेल्या वस्तू वापरण्याजोग्या आहेत का, दोघांनी एकच वस्तू तर दिली नाही ना, घरात काय कमी पडते आहे, हे कोणी पाहिलेले नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी ह्यांना सगळे सांगितले. हे संस्कृतचे शिक्षक. निवृत्त होऊनही पोथ्यांतून बाहेर आलेले नाहीत. मला वाटले होते, सांत्वन करतील. ते म्हणाले, "अगं, भांडारकर संस्थेत महाभारताचं काम हेच तर होतं. १९१९ ला सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. हजारावर हस्तलिखितं. काश्मीरची वेगळी, बंगालची वेगळी, दक्षिणेची वेगळी. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली की ओळखायचं, या दोघी एकाच आईच्या लेकी. म्हणून सुकथनकरांसारखी माणसं पोथ्या नुसत्या मोजत बसली नाहीत; तोलत बसली. पन्नास पोथ्या एकीवरूनच उतरवलेल्या असल्या तर साक्षीदार एकच."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या पालकाच्या गोष्टीला मी तीन संदर्भ दिले होते. तीन साक्षीदार आहेत असे तेव्हा वाटले होते. तिघेही त्या एकाच लेखाच्या पोटी जन्मलेले होते.

दुपारी मी होऊन सूनबाईजवळ जाऊन बसले. "तू कसं वाचतेस ते मला दाखव," म्हणाले. सासूने सुनेला असे म्हणण्याचा आमच्या घरातला हा पहिलाच प्रसंग असावा.

तिने एक मोठा तक्ता उलगडला. उभ्या रकान्यांत प्रश्न होते: कोणाच्या मुली तपासल्या, किती, कोणत्या वयाच्या, रक्त कसे घेतले, काय आढळले, आणि काय विचारलेच नाही. "आधी मी नुसतं काय म्हणतात ते वाचते," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा, हे यांना कसं कळलं ते पाहते. मग कागद उलटा ठेवून आपल्या शब्दांत लिहिते. लिहिता आलं नाही तर समजायचं की कळलंच नाही."

मग तिने मला दोन ओळी दाखवल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरांत सुमारे ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच्या थोडे आधी, २०१६-१८ मध्ये, झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये हेच प्रमाण ४० निघाले होते.

"तुमच्या वेळी काय केलं असतंत?" तिने विचारले.

"दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून पुढे गेले असते," मी खरे ते सांगितले.

"आणि घाई असली की मीही तेच करते. माझ्या पहिल्या खर्ड्यात तसंच होतं." ती हसली. "पण वयोगटच एक नाहीत. शिवाय पहिल्यात बोटाला सुई टोचून थेंब घेतला. दुसऱ्यात शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासलं. बोटाच्या थेंबात आकडा इकडेतिकडे होऊ शकतो. मग मुलींची तब्येत वेगळी, की वय वेगळं, की सुई वेगळी? हा प्रश्न मला माझ्या प्रबंधात घ्यायचा आहे."

मी त्या तक्त्याकडे पाहत राहिले. एकोणीस आकड्यांचा फरक. त्यामागे लाखो मुली उभ्या होत्या; कोणाला लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि किती, हे असल्या आकड्यांवरून ठरते. आढावा म्हणजे प्रबंधाच्या दाराशी करायचा औपचारिक नमस्कार, असे मी जन्मभर समजत आले. तो नमस्कार नव्हे, उलटतपासणी आहे. आणि तीही भांडखोरपणाने नव्हे. तिच्या लिहिण्यात मी पाहिले, कोणाच्या कामाला तिने नावे ठेवली नव्हती. जिथे पुरावा पक्का तिथे 'दाखवून दिले' होते, जिथे कच्चा तिथे 'सुचवले' होते, आणि जिथे नुसते मत तिथे 'त्यांना वाटते' होते. माझ्या एकोणचाळीस पानांत सगळ्यांनी नुसते 'म्हटले' होते.

"आई," ती जरा थांबून म्हणाली, "पालकाची ही हकीकत मला दुसऱ्या प्रकरणात द्यायची आहे. आपल्याकडच्या प्रबंधांतही ती कशी उतरत गेली ते दाखवायचं, तर तुमचा प्रबंध... नको असेल तर मी दुसरं उदाहरण शोधते."

तर हा प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून विचारायचा होता! मला माझ्या विद्यार्थिनी आठवल्या. त्यांतल्या दोघींनी पुढे प्रबंध लिहिले. माझ्या पुस्तकावरून ती गोष्ट त्यांनी उतरवून घेतली होती, मला दाखवलीही होती, आणि मी शाबासकी दिली होती. माझ्याही पोटी लेकी जन्मल्या होत्या.

"लिही," मी म्हणाले. "नावानिशी लिही. पण हेही लिही, की लेखिकेला विचारलं तेव्हा तिने न वाचता संदर्भ दिल्याचं कबूल केलं. म्हणजे ती साक्ष तरी थेट होईल."

तिने माझा हात धरला. मग आम्ही दोघींनी मिळून धान्य भाजायला घेतले. डाळी निराळ्या भाजायच्या, तांदूळ निराळे. एकत्र टाकले तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. तिने विचारले, हे प्रमाण कोणाचे. मी सांगितले, माझ्या सासूबाईंचे. "आणि त्यांनी कोणाकडून घेतलं?" मी तिच्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की हे आतून काय झाले ते बघायला आले.

रात्री त्या दोघी विद्यार्थिनींना पत्रे लिहिली. मग प्रबंध घेऊन बसले. एकशे सत्तावीस आणि सत्तावन्न अशी त्या वाक्याची पाने नव्हती. एकच पान होते, एकतिसावे. समासात मी शाईने लिहिले: 'हा मूळ लेख मी त्या वेळी वाचला नव्हता. आता वाचला. त्यात आधार नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली.

नातू शेजारी येऊन उभा राहिला होता. पुस्तकात लिहिले म्हणून मी त्याला गेल्याच आठवड्यात रागावले होते.

"आजी, तू पुस्तकात लिहितेस?"

"माझंच आहे रे," मी म्हणाले. "चुकलं होतं, ते दुरुस्त करते आहे."

त्याने ते पान नीट पाहिले. मग विचारले, "आणि मग बाईंनी मार्क कापले का?"

"कापले," मी म्हणाले. "पण जरा उशिरा."