उपणलेली वाळू

वाळवंटात सोने धुण्याची कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. धुण्याला पाणी हवे, आणि वाळवंटाची ओळखच मुळी पाण्याच्या अभावाची. तरीही इंग्रजीत या विसंगतीच्या नावाचेच एक यंत्र आहे: ड्रायवॉशर, म्हणजे कोरडे धुणारे. मराठीत त्या यंत्राला शब्द नाही. त्याच्या क्रियेला मात्र आहे. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडी उभे राहून धान्य उपणणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे यंत्र फारसे समजावून सांगावे लागत नाही. हलके ते वाऱ्याबरोबर जाते, जड ते पायाशी पडते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी येथे १८९२ साली सोने सापडले, तेव्हा शोधकांनी अक्षरशः हेच केले. एका परातीतली कोरडी माती उंचावरून दुसऱ्या परातीत ओतायची आणि धूळ वाऱ्याला द्यायची. पर्थजवळच्या धरणातून पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळाने तिथे पाणी पुरवणारी योजना रीतसर सुरू झाली ती १९०३ साली. त्या सोनेरी मुलखात गेलेल्या एडविन मर्फी या पत्रकार-कवीने पुढे 'ड्रायब्लोअर', म्हणजे जवळजवळ 'उपणणारा', हेच टोपणनाव घेतले. कवीने असे नाव का घ्यावे, याची आम्हांला प्रथम केवळ गंमत वाटली होती.

निवृत्तीनंतरचे दोन हिवाळे आम्ही दोघांनी ॲरिझोनात मुलीकडे काढले. त्या राज्याच्या पश्चिम सीमेवर, कोलोराडो नदीच्या काठी, ला पाझ येथे १८६२ साली सोने सापडले होते, आणि त्या परिसरातल्या कोरड्या ओढ्यांत हौशी माणसे आजही वाळू चाळताना दिसतात. आम्हीही त्यांतले झालो. आधी जमीन कुणाची, हे पाहावे लागते. सरकारी जमिनीवरही १८७२ च्या खाणकायद्यानुसार कुणाचा हक्क नोंदलेला असू शकतो. मग यंत्राची निवड.

यंत्रे मुख्यतः दोन तऱ्हांची. एकात लोहाराकडे असतो तसा भाता असतो. दांडा फिरवला की हवेचे झटके बसतात. दुसऱ्यात इंजिनावरचा पंखा अखंड वारा देतो आणि पाटी थरथरत राहते. दुसऱ्यात एका तासात पुष्कळ अधिक माल निघतो; पण ते जड, गोंगाटाचे आणि पेट्रोलवर चालणारे. आम्ही हाताचा भाता घेतला, कारण तो दोघांना उचलून ओढ्यात उतरवता येई. मांडणी दोन्हींची सारखीच: वर गोटे अडवणारी जाळी, तिच्याखाली उतरती पाटी, पाटीला हवा झिरपू देणारा कापडी तळ, आणि त्यावर आडव्या पट्ट्या. हवेने वाळू उचलली जाते आणि पट्ट्या ओलांडून घसरते. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, गारगोटी जेमतेम अडीचपटीहून थोडी अधिक. म्हणून सोने पट्टीमागे बसते. त्याच्याबरोबर काळी लोहयुक्त वाळूही बसते. ती शेवटी टबातल्या थोड्या पाण्यात परातीने वेगळी करायची. नाकातोंडावर मुखपट्टी हवीच, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि त्या मातीत रोगकारक बुरशीही असू शकते.

पहिल्या हिवाळ्यात, पाऊस पडून आठवडा झालेला असताना, आम्ही एका ओढ्याच्या वळणावर दिवसभर राबलो. संध्याकाळी परातीत काळी वाळू तेवढी उरली. वहीत आम्ही लिहिले: 'ओढा रिकामा आहे.' वाक्य लिहिताना मनात किंचितही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तळावरच्या एका वृद्ध शोधकाने चौकशी केली. ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तुम्ही टाकलेला ढीग धुऊन पाहिलात का?" आम्ही पाहिला नव्हता. ज्यात काही नाही म्हणूनच जे टाकले, ते पुन्हा पाहायचे कशाला? पण त्यातली दोन पराती वाळू टबात धुतली, आणि तीन पिवळे कण दिसले.

वाळू वरून कोरडी दिसली तरी वीतभर खाली ती ओलसर होती. ओलाव्याने चिकणमातीची ढेकळे होतात. सोने त्यांना चिकटून पट्ट्यांवरून निघून जाते. शिवाय पाटीचा उतार जास्त होता आणि उरकण्याच्या घाईत आम्ही वाळूही भसाभसा ओतली होती. मग आम्ही ती वाळू ताडपत्रीवर दोन दिवस वाळवली, ढेकळे फोडली, उतार कमी केला आणि ओंजळीओंजळीने पुन्हा चालवली. निघाले ते सारे मिळून मोहरीच्या दाण्याएवढेही नव्हते. पण ते तिथे होते.

त्या रात्री आमचे बोलणे सोन्याविषयी झाले नाही. तीस वर्षे आम्ही दोघांनी साहित्य शिकवले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उरकले, अंकांसाठी आलेल्या कविता परत पाठवल्या. किती ठिकाणी 'आशय नाही' असा शेरा दिला, त्याची मोजदाद नाही; त्यांतला एकही कागद पुन्हा काढून, सावकाश वाचल्याचे आठवत नाही. उपणणाऱ्याच्या हातात निवाडा असतो, हे आम्हांला ठाऊक होते. वाळू वाळली आहे की नाही, हे पाहणेही त्याचेच काम असते, हे मात्र इतक्या उशिरा, परक्या वाळवंटात कळले.

आपल्याकडे सराफकट्ट्यावरचा केर आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. लहानपणी आम्हांला त्यांची कीव वाटे. आता वाटते, आमच्यापेक्षा चांगले वाचक तेच होते. टाकलेल्यावर त्यांचा विश्वास होता आणि त्यासाठी लागणारा वेळ देण्याची तयारीही होती.

वहीतले ते वाक्य आम्ही खोडले नाही. खाली तारीख घालून एवढेच लिहिले: 'वाळू ओली होती. आम्ही घाई केली.'